सुमनचे वडील कधी येणार

अनगोळ, बेळगाव
रविवार, १२ जानेवारी १९८६

ती. सौ. राजाक्कास,

शालनचा नमस्कार. आधी तुझी तब्येत कशी आहे ते कळव. चौथा महिना संपत आला म्हणून आई रोज बोटं मोजते. जड उचलू नकोस आणि फार वेळ उकिडवी बसू नकोस, असा तिचा निरोप आहे.

हे पत्र तुझे दीर जोतिबा भावजी वाचून दाखवणार म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. भावजी, तुमचा वेळ घेते, राग मानू नका.

इकडची मोठी बातमी म्हणजे यशोदाकाकूंच्या घरी टीव्ही आला. त्यांचा भरमा मच्छेच्या कारखान्यात लागला ना, त्याने आणला. रविवारी सकाळी दहाला ‘नंदनपूर’ नावाची हिंदी मालिका लागते. अर्धी गल्ली काकूंच्या पुढच्या सोप्यात असते. उजेड पडद्यावर पडू नये म्हणून काकू खिडक्या लावून घेतात, दार तेवढं अर्धं उघडं. बाहेर चपलांचा ढीग. आम्ही सगळेच जातो, घराला कुलूप असतं आणि किल्ली आईच्या कनवटीला. आप्पासुद्धा येतात. ‘मी बातम्यांसाठी आलोय’ म्हणतात आणि बातम्या संपल्यावरही उठत नाहीत.

मालिकेत सुमन नावाची मोठ्या घरची सून आहे. तिचं काम करणारीचं नाव रेवती भार्गव, सुरुवातीला नावं येतात त्यात मी वाचलं. ती रडते तेव्हा नाक लाल होत नाही, एवढंच मला खटकतं. सासूचं काम करणाऱ्या बाईला तर काकू पडद्यावर बघूनच शिव्या देतात. मी म्हटलं, काकू, ती खरी सासू नाही, पगारी आहे. काकू म्हणाल्या, ‘पगार घिऊन एवढं छळती, तर फुकटात काय करंल.’ तुमच्याकडे ही मालिका दिसते का?

आता आप्पांचं लिहिते. रागाने नाही, आहे तसं लिहिते. दिवाळीला ते तुला न्यायला आले तेव्हा बाहेरच्या कट्ट्यावर तासभर बसून एकटेच परत आले, हे त्यांच्या मनातून गेलेलं नाही. सातव्या महिन्यात तुला बाळंतपणाला आणायचं आहेच. पण ते म्हणतात, ‘निपाणीहून पत्र येऊ दे. बोलावल्याबिगर मी मुराळी म्हणून जाणार न्हाय.’ तर तुझ्या सासूबाईंना, सोनुबाई मामींना, सांगून बोलावण्याच्या दोन ओळी तेवढ्या पाठव.

तुझी,
शालन

*

निपाणी
२५ जानेवारी १९८६

चि. शालन हिस,

राजाक्काचा आशीर्वाद. भावजी लिहून घ्यायला बसल्यात, मी सांगतीया तसं लिहित्यात. सासूबाई बी हितंच बसल्यात. त्यांचा बी आशीर्वाद. माझी तब्येत बरी हाय.

आप्पांच्या बोलावण्याचं वाचून झालं. सासूबाई म्हणत्यात, लेकीच्या बापाला बोलावणं कशाला लागतंय, त्यानं आपणहून यावं. आता ह्याच्यावर मी काय सांगू.

नंदनपूर मी बघती. शेजारी दळव्यांच्या घरात टीव्ही हाय. रविवारी त्यांची भांडी घासायला जाती तवा दारातनं दिसतंय. भावजी आत बसून बघत्यात. सासूबाईंच्या डोळ्यात मोतीबिंदू हाय, त्या येत न्हाईत.

सुमनचं मला लई वाईट वाटतंय गं. पोटुशी हाय आणि वड्यावरनं पाण्याची घागर तीच आणती. सगळ्यांची जेवणं झाली की ती बसती, तवा बुट्टीत एक भाकरी असती, कवा ती बी नसती. नवरा चांगला हाय, पण आईपुढं त्याचं तोंड उघडत न्हाय. कुणाला सांगावं तर चिठ्ठी दुसऱ्याच्या हातानं लिहावी लागती.

तू शिकलेली हाईस, पुढचं तुला कळत असंल. सुमनचा बाप कधी येणार? तेवढं इचारून लिही.

राजाक्का
(हस्ते जोतिबा)

*

अनगोळ
रविवार, २ फेब्रुवारी १९८६

ती. सौ. राजाक्कास,

शालनचा नमस्कार. तुझं पत्र मी दोनदा वाचून दाखवलं. आईला बरं वाटलं, तब्येत बरी आहे म्हणून.

पण आक्का, तू मालिका दारातून बघतेस म्हणून तुझा घोटाळा होतोय. मी प्रत्येक भाग संपला की वहीत टिपून ठेवते, हिंदीचा सराव म्हणून. त्यामुळे खात्रीने सांगते की सुमनला दिवस गेलेले नाहीत. तिच्या नणंदेला गेलेत. त्यांच्या बंगल्यात नळ आहेत, घागर कुठेच आली नाही. आणि ती माणसं भाकरी खात नाहीत, पुऱ्या खातात. मला वाटलं माझंच काही निसटलं असेल, म्हणून काकूंना आणि त्यांच्या सुनेलाही विचारलं. दोघी म्हणाल्या, असं काही दाखवलेलं नाही. तू उगीच वाईट वाटून घेऊ नकोस. अशा दिवसांत मनाला लावून घेणं बरं नव्हे.

वडिलांचं विचारलंस. ते आजच्याच भागात आले. पांढरी मोटार घेऊन आले होते. हे काम करणारा नट मागे एका नाटकात दरोडेखोर होता म्हणे, पण इथे फार सात्त्विक दिसतो. ते म्हणाले, चल बेटी. आणि सुमननेच त्यांना परत पाठवलं. म्हणाली, आता हेच माझं घर, मी इथलं सगळं निभावून नेईन. सोप्यात सगळ्या बायका रडल्या. आप्पा माझ्यामागे बसले होते, ते म्हणाले, ‘पोरगी असावी तर अशी.’

तू विचारलंस म्हणून त्यांचे शब्द होते तसेच लिहिले.

परीक्षा मार्चअखेरीला आहे. मी पास झाले तर आपल्या घरात बी. ए. म्हणवणारी पहिलीच. तू माझ्यासाठी शाळा सोडलीस हे मी विसरलेले नाही. मी पाळण्यात होते आणि आई शेतावर जायची, म्हणून तू दुसरीतूनच घरी बसलीस. पास झाले की पहिली तार तुला करीन.

बोलावण्याचं मात्र राहूनच गेलं. मामींना एकदा परत विचार.

तुझी,
शालन

*

निपाणी
२० फेब्रुवारी १९८६

चि. शालन हिस,

आशीर्वाद. तू म्हणतीस तर माझंच चुकलं असंल. हितं लाईट येत-जात असती.

तरी मी बघितलं ते सांगती. गेल्या भागात सुमनच्या उजव्या हाताला मनगटापासनं कोपरापर्यंत भाजलं हुतं. आमटीचं भांडं कलंडलं म्हणून ती सगळ्यांना सांगती. पदरानं झाकून हिंडती. ते भांडं आपणहून कलंडलं नव्हतं.

आणि तिनं बापाला परत पाठवलं म्हणतीस. तसं कसं करंल ती. त्या बापाला परत पाठवलं दुसऱ्यांनीच आसंल, ती आत चुलीपुढं बसून ऐकत आसंल. आप्पांस्नी एवढं इचार, सुमनचा बाप मोटार न्हाई, एस. टी. नं आला असता, आणि त्याला बाहेरच्या कट्ट्यावर बसवलं असतं, तरी थोडा वेळ बसला असता, तर काय झालं असतं. सुमन तशीच बाहेर आली असती. चपला न घालता आली असती.

इचारून लिही. लवकर लिही. सासूबाई म्हणाल्या, ह्या टीव्हीच्या पत्रास्नी कशाला टिकट लावायचं. आता परत लिवून घेता यील का न्हाई सांगता येत न्हाई.

राजाक्का
(हस्ते जोतिबा)

*

अनगोळ
रविवार, २ मार्च १९८६

ती. सौ. राजाक्कास,

शालनचा नमस्कार. परीक्षेमुळे उत्तराला उशीर झाला, ते मनाला फार लागून राहिलं होतं.

आप्पा म्हशीची धार काढून आले तेव्हा मी तुझं पत्र सगळं वाचून दाखवलं. त्यांनी चरवी खाली ठेवली. मग म्हणाले, ‘बोलावणं हाय का त्यात?’ मी परत पहिल्यापासून नीट वाचलं आणि म्हटलं, नाही आप्पा, मालिकेचंच आहे. ते उठून गोठ्यात गेले. त्यामुळे तुझ्या प्रश्नाला त्यांच्याकडून उत्तर मिळालं नाही. मी आपल्या मनाचं काही लिहून त्यांच्या नावावर खपवणं बरोबर नाही, म्हणून ती जागा कोरी सोडते.

भाजल्याचं मी पुन्हा वहीत शोधलं. तसा प्रसंग नाही. आजच्या भागात मुद्दाम रेवती भार्गवच्या हातांकडेच बघत बसले. दोन्ही हात स्वच्छ, उजव्यात चार सोन्याच्या बांगड्या, कोपरापर्यंत एक डाग नाही. तुमच्याकडे वेगळी मालिका लागते की काय, अशी शंका येते. पण दिल्लीहून सगळीकडे एकच दाखवतात, असं भरमा म्हणतो.

आक्का, तुझं लक्ष कुठे असतं? नीट खातेस ना? झोपतेस ना? आई म्हणते, पहिलटकरणीला नको ते दिसतं.

सोळा तारखेचा भाग मोठा आहे, तासभर चालणार. काकूंनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय. तूही बघ, म्हणजे आपण दोघींनी एकाच वेळी एकच पाहिलं असं होईल.

तुझी,
शालन

*

अनगोळ
रविवार, ६ एप्रिल १९८६

ती. सौ. राजाक्कास,

शालनचा नमस्कार. तुझं पत्र नाही म्हणून जीव थाऱ्यावर नाही. परीक्षा संपली. मराठीचा पेपर बरा गेला. निबंधाला ‘माझी बहीण’ हाच विषय घेतला होता.

सातवा महिना लागला असेल. आई रोज म्हणते, पत्र नाही आलं तरी जाऊन यावं. आप्पा ऐकून घेतात.

सोळा तारखेचा भाग तू पाहिलास का? शेवटी सुमन माहेरी आली. पावसात, एकटी, हातात एक पिशवी. वडिलांनी दार उघडलं आणि काही न विचारता तिला आत घेतलं. त्या दिवशी सोप्यात कुणाचेही डोळे कोरडे नव्हते. मी तर हुंदके देऊन रडले, मागाहून लाज वाटली. आप्पांनीही डोळे पुसले, मी पाहिलं. त्यांनी मी पाहिल्याचं पाहिलं, म्हणून मी मान वळवली.

घरी येऊन पाहतो तर दाराशी, कुलपाच्या खाली, तंबाखूची एक पुडी. आप्पा खातात तीच. कुणी ठेवली ते कळलं नाही. मी आजूबाजूला विचारून आले, पण गल्लीत त्या वेळी होतं कोण, सगळे काकूंकडे. आप्पांनी पुडी उलटसुलट करून पाहिली आणि कोनाड्यात ठेवली. ती अजून तशीच बांधलेली आहे. त्या दिवसापासून ते तंबाखूच खात नाहीत. आईने कारण विचारलं तर म्हणाले, ‘दात दुखत्यात.’

मला सगळ्याचीच काळजी वाटते. दोन ओळी तरी पाठव. मालिकेचं नाही लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
शालन

*

निपाणी
१२ एप्रिल १९८६

कु. शालन यांस,

जोतिबाचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं, पण वाचून दाखवायला वहिनी घरात नाहीत. हे पत्र कामावर, वखारीत बसून लिहितो आहे. आजवर तुम्हाला लिहिलेल्या पत्रांत माझा एकही शब्द नव्हता. हे पहिलंच.

वहिनी तीन आठवडे झाले सुलाबाई म्हणून विडी कामगार बाई आहेत, त्यांच्या खोलीत राहतात. बाळ राहिलं नाही. सोळा मार्चला सकाळच्या पहिल्या बेळगाव गाडीत मीच त्यांना बसवलं होतं. आईला सांगितलं, दळव्यांकडे गेल्यात. वाटलं, एकदा तुमच्या दारात पोचल्या की पुढचं तुम्ही बघाल. चार वाजता त्या परत आल्या. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, ‘घराला कुलूप हुतं.’ दिवसभर पोटात काही नव्हतं. त्या संध्याकाळी आईने न सांगता गेल्याचा जाब विचारला. काय बोलली ते लिहीत नाही. मग घागर घेऊन ओढ्यावर पाठवलं. वहिनी ओढ्याच्या चढावर पडल्या. मंगळवारी दवाखान्यात सगळं संपलं. तिथून त्या आमच्या घरी आल्या नाहीत. त्यांना परत न्यायला माझा भाऊ शामूदादा दोनदा जाऊन आला. त्या दारात येऊन उभ्या राहतात, बाहेर येत नाहीत.

आता माझं. मी दर रविवारी नंदनपूर बघत होतो. सुमन पोटुशी नाही, तिचा हात भाजलेला नाही, हे वहिनी सांगायच्या तेव्हाच मला ठाऊक होतं. आई शेजारी बसलेली असायची. वहिनी माझ्याकडे न बघता सांगायच्या आणि मी शब्दाला शब्द लिहायचो. आईसमोर माझ्याच्यानं तेवढंच होत होतं. वाटायचं, तुम्ही कॉलेजात शिकता, तुम्हाला कळेल. तुमचं उत्तर वाचून दाखवताना, पुऱ्यांचं आणि नळांचं, मी मध्येच थांबलो. वहिनी म्हणाल्या, ‘वाचा की भावजी. ती खरंच लिवती.’

मी त्याच पत्राखाली माझ्या दोन ओळी लिहू शकलो असतो. लिहिल्या नाहीत. दोष तुम्हाला द्यायला मी मोकळा नाही.

जोतिबा

*

अनगोळ
१६ एप्रिल १९८६

आक्का,

हे पत्र सुलाबाईंच्या पत्त्यावर पाठवते आहे. कोण वाचून दाखवेल ठाऊक नाही. जे कुणी वाचत असेल त्यांनी हळू वाचावं.

काल मी माझी वही आणि तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. तुझ्या पत्रात होतं आणि वहीत नव्हतं, तेवढ्यावर खूण करत गेले. घागर. भाकरी. भाजलेला हात. बाहेरचा कट्टा. ज्याला मी चूक म्हणत होते, तेवढं सगळं तुझं होतं.

मी खोटं लिहायचं नाही म्हणून इतकी जपत होते, आक्का. एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. आणि आप्पांनी मला विचारलं, बोलावणं आहे का त्यात, तर मी नाही म्हणाले. अख्खं पत्र बोलावणंच होतं.

भावजींचं पत्र आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘पुडीच्या कागदावर निपाणीच्या दुकानाचा छाप हुता. मी वळखलंतं.’ आई त्यांच्या अंगावर धावून गेली. ‘वळखलंतं तर गेला का न्हाई?’ ते म्हणाले, ‘तीच आली असंल आसं वाटलं. मग वाटलं, तीच असती तर थांबली असती.’

उद्या पहिल्या गाडीने ते येत आहेत. कुणी बोलावलेलं नाही. तू त्यांना परत पाठवलंस तरी ते कट्ट्यावर बसून राहतील, असं सांगायला लावलंय.

मी येत नाही. तुझ्यासमोर उभी राहायला तोंड नाही. तू म्हणशील तेव्हा येईन.

शालन

*

निपाणी
रविवार, ११ जानेवारी १९८७

शालन,

हे माझ्या हातचं पत्र हाय. सुलाबाईची लेक आणि मी, दोघी मिळून शिकलो. ती पुस्तकातनं, मी तिच्या पाटीवरनं. आठ महिने लागले. हे पत्र लिवायला चार दिवस लागले.

मी विड्या वळती. हात बरा हाय. डाग राहिला.

आप्पा आलते. दोन दिवस सुलाबाईच्या कट्ट्यावर बसले. मी भाकरी दिली. खाल्ली. मी गेले न्हाय. आता मला कुठं न्यायला कोण नको. पुन्यांदा दसऱ्याला आलते. आले की बसत्यात.

नवऱ्याचं काय करायचं ते अजून ठरलं न्हाय. भावजी वखारीतनं येता-जाता खिडकीपाशी थांबत्यात. पाटीवरचं वाचून दाखवा म्हणत्यात.

तू पास झालीस त्याची तार मिळाली. मी जपून ठेवली. तवा वाचता येत नव्हती. आता येती.

एक सांगायचं राहिलं. भावजीला मी कुलूप हुतं म्हणाले. ते खरं, पण सगळं न्हाय. कुलूप असतंय हे तुझ्या पत्रात हुतं. मला ठावं हुतं. म्हणून मी काकूच्या दारात आले.

दार अर्धं उघडं हुतं. चपला हुत्या. तुझ्या, आईच्या, आप्पांच्या वळखल्या. आत अंधार हुता. टीव्हीत सुमन पावसात उभी हुती. तिच्या बापानं दार उघडलं. तू रडत हुतीस. आई रडत हुती. आप्पांनी धोतराचा सोगा डोळ्याला लावला हुता.

मी तुमच्या मागं पाच हात उभी हुते. हाक मारावी वाटलं. पण तुम्ही सगळी एवढी रडत हुता, मध्येच कशी बोलू. म्हटलं कुणीतरी मागं बघंल. थोडा वेळ थांबले. मग आपल्या दारात कुलपाखाली आप्पांची पुडी ठेवली आणि गेले.

मला तुझा राग न्हाय. तू खरंच लिवत हुतीस. तुला दिसलं तेवढं लिवलंस. मला लिवता येत नव्हतं म्हणून मी दुसऱ्या बाईच्या नावावर लिवलं. आता माझ्या नावावर लिवीन. तू वाच. वहीत बघू नको.

एवढ्यात मी येणार न्हाय. पण रविवारी घराला कुलूप लावू नका.

राजाक्का
(माझ्या हातानं)